साच्यातला दोष

टेम्पोवाल्याने मागचं फळकं पाडलं आणि आमचीच खोकी आमच्याच दारात उतरवायला लागला, तेव्हा मी शेडच्या तोंडाशी पाटावर बसून एका हृदयाच्या शिरा निळ्या करत होते.

"काय रे, गेलाच नाहीस होय?" मी विचारलं.

"गेलो की. उतरवून आलो. आज परत त्याच रस्त्यानं जाताना कॉलेजवाल्यांनी बोलवून घेतलं आणि म्हणाले, भर आणि माघारी ने. माल परत आलाय वहिनी."

"परत? आमचा?"

"कुठलासा भाग कमी हाय म्हणं. त्यांच्या सिस्टर सोता येणार हायेत उद्या, बोलायला."

आतून कानशीचा आवाज थांबला. सर्जेराव बाहेर आले. माझे मिस्टर. तेव्हा मी त्यांना 'अहो' म्हणत असे; आता ते नाहीत, नाव घेतलं म्हणून डोळे वटारणारंही कोणी उरलं नाही, तर सरळ नावानेच सांगते. सर्जेरावांनी खोकं उघडलं, कडबा बाजूला केला, आतला माल मांडीवर घेतला आणि त्यावर चारही बाजूंनी बोट फिरवलं. त्यांचं बोट म्हणजे काय होतं! डोळ्याला न दिसणारी खरखर त्यांच्या बोटाला लागायची.

"लोण्यासारखा आहे," ते म्हणाले. "कमी काय आहे ह्यात? डोकं फिरलंय लोकांचं."

आमचा धंदा सांगायला हवा, नाहीतर कशाचं काय कळायचं नाही. कोल्हापूरला लागून एमआयडीसी आहे, तिथे आमचं पत्र्याचं शेड होतं. शेडमागे दोन खोल्यांचं घर. सर्जेराव कुंभाराच्या घरातले, कलेच्या शाळेत शिकलेले. बाकीचे गणपती आणि पुतळे करायचे, हे शरीराचे भाग करायचे. कॉलेजांना लागतात ना, डॉक्टर-नर्स शिकवायला? हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कापून आतलं दाखवणारं डोकं. सगळं फायबरचं. साच्यात रेझिन ओतायचं, वाळलं की काढायचं, सर्जेरावांनी कानस आणि पॉलिशपेपर घेऊन साफ करायचं आणि मी रंगवायचं. धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. मग प्रत्येक भागावर आकडा, आणि सोबत एक कार्ड, त्यात त्या भागाचं नाव नि काम.

परत आलेला माल होता तो बाईचा कटिभाग, म्हणजे कमरेखालचा भाग. आम्ही त्याला नुसतं 'बाई' म्हणत असू. "दोन बाया वाळल्या का?" असं सर्जेराव मोठ्याने ओरडायचे, आणि मी ओरडून सांगायचे, "वाळल्या, पण एकीचं गर्भाशय अजून ओलं आहे." आलेला पाहुणा हातातला चहा टाकून पळायचा बाकी राहायचा. शेडमध्ये आमच्या तोंडाला धरबंध नव्हता. योनिमार्ग म्हणू नको, बीजकोश म्हणू नको, सगळी नावं आम्ही मेथी-पालकासारखी घ्यायचो.

घरात मात्र शब्द नाही. शेड आणि घर यांच्यामध्ये एक नळ आणि एक तुळस, एवढंच अंतर. तेवढं ओलांडलं की आम्ही मुके.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची. आईने सांगितलं होतं, डोळे मिटून पडून राहायचं, पुरुषाचं लवकर आटपतं. मी आईचं ऐकलं. सर्जेराव हळुवार होते, घाई करायचे नाहीत, आणि झाल्यावर दर वेळी विचारायचे, "बरं वाटलं का गं?" मला कळायचंच नाही, काय बरं वाटायचं असतं. मी म्हणायचे, "काय ओ?" खरंच विचारायचे, थट्टा नव्हे. खोटं बोलायचं तरी काय बोलायचं ते माहीत हवं ना.

एकदा त्यांनी विचारलं, "मालन, तू दगड आहेस का गं?" रागाने नव्हे. जसं पोराला आपण विचारतो, दुखतंय का रे कुठं, तसं. मला वाटलं, असेन. शंभर बायकांना देवाने जे दिलं ते मला द्यायचं राहिलं असेल. त्यानंतर त्यांचं विचारणं थांबलं, मग जवळ येणंही थांबलं. मुलगी झाली होती, ती पुढे शिकायला मामाकडे गेली, आणि एक दिवस त्यांनी आपली खाट शेडमध्ये टाकली. म्हणाले, रेझिनवर लक्ष ठेवावं लागतं. रेझिन चहा पिऊन होईतो घट्ट होतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी त्यांची उशी नेऊन दिली. उशी देताना वाटलं होतं, थांब म्हणतील. म्हणाले, "अभ्रा धुतलेला आहे ना?"

तर सिस्टर आल्या. दुपारची वेळ, हायवेच्या थांब्यावरून चालत आल्या, खांद्याला कापडी पिशवी. रणभिसे सिस्टर, मूळ नगरच्या, पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने काटक. लग्न केलेलं नव्हतं. नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवायच्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एक पीस आणा बरं इकडे."

सर्जेराव तयारीतच होते. त्यांनी पीस टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. भांडणाला पुरुष असाच उभा राहतो.

"हे फिनिशिंग कोणाचं?" सिस्टरांनी विचारलं.

"माझं. बोट फिरवून बघा. कुठं खरखर लागली तर पैसे देऊ नका."

"बोट फिरवलं, म्हणूनच परत पाठवलं. मला सांगा, इथे काय होतं?" त्यांनी वरच्या बाजूला, जिथे दोन घड्या एकत्र येतात तिथे, नख टेकवलं.

"तिथं? तिथं काही नव्हतं." मग सर्जेराव जरा थांबले. प्रामाणिक माणूस. "म्हणजे साच्यात जरा दोष आहे. आमच्या गुरुजींच्या हातचा साचा, जुना आहे. तिथं हवेचा फुगा राहून खड्डा पडलाय, म्हणून प्रत्येक पीसला त्या जागी पुटकुळी येते. ती मी घासून काढतो."

"प्रत्येक पीसची?"

"प्रत्येक. एक सोडलेला नाही आजवर." हे त्यांनी छाती काढून सांगितलं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला, पदराने पुसला.

"सर्जेराव, तो फुगा नाही. तो अवयव आहे. शिश्निका म्हणतात त्याला."

सर्जेरावांनी एकदा पीसकडे पाहिलं, एकदा भिंतीला टेकवलेल्या साच्याकडे. मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या मनात आतापर्यंत गेलेला सगळा माल येऊन उभा राहिला असणार. किती कॉलेजं, किती मास्तर, किती डॉक्टर, आणि एकानेही विचारलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, आवाज खाली आला होता. "करतो दुरुस्त. कार्डावर घालावं लागेल. नाव सांगितलंत. काम काय त्याचं?"

"सुख," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बाईला सुख व्हावं म्हणून ते आहे. मूल होण्याशी त्याचा संबंध नाही, लघवीशी नाही. बाईच्या शरीरात दुसरं काहीही काम नसलेला असा तो एवढाच अवयव आहे. शिश्निका, आणि पुढे लिहा, लैंगिक सुखाचा अवयव. मुली हसतात पहिल्या दिवशी. हसू दे. पण माझ्या मुली उद्या बायकांना तपासणार आहेत, बाळंत करणार आहेत. त्यांना ते माहीत नको?"

सर्जेराव कानापर्यंत लाल झाले. जो माणूस 'गर्भाशय दे इकडे' असं रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडायचा, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "टेम्पोवाल्याला गाठून येतो," आणि चपला न घालता उन्हात निघून गेला.

मी चहा टाकायला उठले.

"बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "माती आहे का मऊ? मी दाखवून ठेवते, त्यांना करायला सोपं जाईल."

मी शाडूचा गोळा भिजवून दिला. त्या मळायला लागल्या. हात सराईत नव्हता, पण काय करायचंय ते पक्कं ठाऊक होतं.

"वरून दिसतं ते एवढंच. वाटाण्याएवढं, कुणाचं त्याहून लहान, कुणाचं मोठं. कातडीच्या घडीखाली झाकलेलं. लोकांना वाटतं संपलं. पण हे टोक आहे नुसतं." त्यांनी मातीच्या दोन वळ्या केल्या आणि त्या टोकाला मागून जोडल्या. "हे दोन पाय. हाडाला धरून दोन्हीकडे मागे जातात. आणि हे दोन फुगीर भाग, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना. सगळं मिळून एक. रक्त भरलं की सगळंच फुगतं, पुरुषाचं फुगतं तसंच. आईच्या पोटात सुरुवातीला मुलाचं आणि मुलीचं एकसारखंच असतं, मालनबाई. मग त्याचं बाहेर वाढतं आणि आपलं आत."

मी बघत राहिले. एवढी वर्षं बाया रंगवल्या, आतलं सगळं तोंडपाठ, आणि हा मातीचा तुकडा मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या तोंडून गेलं, "ज्या बाईला काहीच होत नाही, तिच्यात हे नसतं का?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माती नीट करत राहिल्या. त्यामुळेच मला पुढे बोलता आलं असावं.

"असतं. प्रत्येकीला असतं."

"मग काही कसं होत नाही?"

"तिथे हात लागल्याशिवाय कसं होईल? नुसत्या संबंधातून पुष्कळ बायकांना काही होत नाही. त्यात वावगं काही नाही, शरीरच तसं आहे. पुरुषाची जागा आणि बाईची जागा एक नाही. त्याला वाटतं, मला झालं म्हणजे हिलाही झालं. ती गप्प असते. दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं."

"माझ्या नवऱ्याला वाटतं, मी दगड आहे," मी म्हणाले. आणि रडायला लागले. परक्या बाईसमोर, भर दुपारी, हाताला निळा रंग लागलेला.

त्यांनी मातीचा हात माझ्या पाठीवरून फिरवला. ब्लाउजवर पांढरे पट्टे उठले. थोड्या वेळाने मी विचारलं, "तुमचं तर लग्न नाही सिस्टर. तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मी शरीर शिकवते," त्या म्हणाल्या. "आणि माझं स्वतःचंही एक आहे."

एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. जाताना सांगून गेल्या की कॉलेजची तपासणी आहे, रविवारपर्यंत माल पोचला पाहिजे. सर्जेराव परत आले तेव्हा त्या थांब्याच्या वाटेला लागल्या होत्या. टेबलावर ओल्या फडक्याखाली मातीचा नमुना होता. सर्जेरावांनी फडकं उचललं, पाहिलं, पुन्हा झाकलं.

"चहा आहे का?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रेझिन आणायला उद्यमनगरला गेले. मी घरात आले, कुंकू लावायचा हातआरसा घेतला. चाळीशीला आलेली बाई, एका लेकीची आई, पण आरसा दोनदा पालथा घालून ठेवला. मग पाहिलं.

होतं. माझ्यातही होतं. कोणी घासून काढलेलं नव्हतं.

मग पुढे जे झालं त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते की सर्जेराव मला दर वेळी काय विचारायचे, ते मला त्या दिवशी कळलं. बरं वाटलं का गं? हो, वाटलं. फार बरं वाटलं. मी छताकडे बघत पडून होते आणि हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. माणसाला आनंद झाला की आधी कुणाला तरी सांगावंसं वाटतं. परीक्षेत पास झालेलं पोर कसं धावत घरी येतं! मला धावत जायला जागा एकच होती, ती म्हणजे शेड, आणि तिथे ज्याला सांगायचं त्याला मी दगड होते.

पण मी ठरवलं. ह्यांना सांगायचं. आमचं दोघांचं जे मोडलं होतं ते कुणाच्या दोषाने नव्हतं, हे त्यांना कळलं की खाट परत घरात येईल. मला ते सुख हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला ते शेजारी हवे होते.

ते दिवस सर्जेराव साच्यावर वाकलेले. खड्डा साफ केला, खोल केला, आतले पाय आणि फुगीर भाग दाखवण्यासाठी वेगळा कापीव तुकडा केला. पहिला पीस निघाला तो घेऊन माझ्यापुढे आले. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"बरोबर वाटतंय का?"

मी पाहिलं. "जरा वर घ्या. आणि वरची घडी थोडी पुढे हवी."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे."

ते पीस घेऊन साच्याकडे गेले. दुसरा पीस निघाला तेव्हा टोक वर घेतलेलं होतं, आणि घडी पुढे होती.

रविवारी माल गेला. सोमवारी आमच्या भागात वीज नसायची, सगळ्या शेडना सुट्टी. त्या दिवशी सर्जेराव जेवायला घरात यायचे, एरवी मी डबा शेडमध्ये न्यायचे. मी तांबडा रस्सा केला होता. ते निवांत जेवले. हात धुवायला उठणार, तेवढ्यात मी म्हणाले, "थोडं बसा. बोलायचं आहे."

"पोरीचं काही?"

"आपलं."

ते बसले. खरकटा हात ताटावर तसाच.

"अहो, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, दगड आहेस का म्हणून. मी दगड नाही. माझ्यातही ते आहे. आपल्याला माहीत नव्हतं, तुम्हाला नाही आणि मला नाही. तुमची काही चूक नाही आणि माझीही नाही."

"तुला कसं कळलं?"

"सिस्टरांनी सांगितलं. मग मी पाहिलं."

"सिस्टरांना तू सांगितलंस? आपलं?"

"रडू आलं, बोलून गेले."

सर्जेरावांचा हात ताटावर वाळत होता. ते भाताच्या शितांकडे बघत राहिले. "बाहेरच्या बाईला कळलं," ते म्हणाले, "की सर्जेरावाला बायको सांभाळता आली नाही."

"तसं नाही ओ. त्या म्हणाल्या, पुष्कळ घरांत असंच आहे."

"पुष्कळ घरांतला माणूस हे काम करत नाही. मी करतो." त्यांचा आवाज फाटला. "मी बोटानं केसाएवढी खरखर ओळखतो. आणि माझ्या घरात मला..."

ते उठले. नळावर हात धुतले. मला वाटलं, झालं, गेले शेडकडे. भांडी गोळा करायला वाकले तर पावलं घराकडेच वळलेली. ते आत आले, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"सांग," ते म्हणाले. "कुठं?"

भरदिवसाची वेळ. खिडकीतून पडद्याचा पिवळा उजेड. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना उजेडात पाहिलेलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त माया आली. केवढं धैर्य करून आला होता माणूस! मी त्यांचा हात धरला आणि न्यायचा तिथे नेला.

ते बोट मी ओळखत होते. तसंच ते फिरलं, तपासत, अंदाज घेत. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"बरं वाटतंय?"

"हो."

"झालं?"

"नाही अजून."

ते थोडं थांबले. कपाळावर घाम. "आता?"

माझं अंग आकसून गेलं होतं. परीक्षेला बसवल्यासारखं झालं होतं मला, आणि त्यांनाही. इथे एक शब्द पुरला असता. मी हो म्हणाले असते तर माझा नवरा त्या दिवशी मला परत मिळाला असता. खाट संध्याकाळी घरात आली असती. पूर्वी काय व्हायचं असतं तेच माहीत नव्हतं, म्हणून खोटंही बोलता येत नव्हतं. आता माहीत होतं. आता हो म्हणणं म्हणजे त्यांना फसवणं होतं, आणि जन्मभर फसवत राहणं.

"नाही," मी म्हणाले. "पण होईल. घाई नका करू. हात काढू नका."

त्यांनी हात काढला.

माझ्याकडे पाठ करून बसले. बनियन पाठीला चिकटलेलं. मी उठून त्यांच्या पाठीवर गाल टेकवला. केवढा वेळ झाला होता त्या पाठीला टेकून. रेझिनचा वास आणि घामाचा वास, मला दोन्ही आवडायचे.

"मला नाही जमायचं, मालन."

"जमेल ओ. मला तरी कुठं माहीत होतं? हळूहळू जमलं."

ते ताठ झाले. माझ्या गालाला कळलं ते.

"म्हणजे तुझं तुला जमलं?"

इथेही गप्प बसता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"मग मी कशाला?"

रागावून विचारलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांनी खरंच विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला सांगता येईना. शेजारी कोणी झोपलेलं असलं की कूस बदलतानासुद्धा किती बरं वाटतं, हे कसं सांगायचं? ह्या खोलीत बोलायला कोणी नसतं म्हणून मी भांड्यांशी बोलते, हे कसं सांगायचं? मी एकच शब्द काढू शकले.

"सोबतीला."

सर्जेरावांनी मान हलवली. जसं एखादं गिऱ्हाईक कमी भाव सांगतं आणि आपण भांडत न बसता सोडून देतो, तशी. मग सदरा चढवला, बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत.

"जेवण चांगलं झालं होतं," दारातून म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ते जगले. मला वाकडा शब्द बोलले नाहीत. लेकीच्या लग्नात माझा हात धरून मांडवात नेलं, आजारी पडले तेव्हा माझ्याच हातचं खाल्लं. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी काही काम काढलं. मला सुखाची वाट सापडली होती, ती मी सोडली नाही. पण त्या वाटेवर मी एकटीच गेले आणि एकटीच परत आले, आणि परत आल्यावर शेजारची उशी थंडच असायची.

ती 'बाई' मात्र आमची नावाजली. लांबलांबून मागणी यायला लागली. सर्जेराव प्रत्येक नवा पीस माझ्यापुढे आणून धरायचे, मी बघायचे, सांगायचे, जरा वर, जरा बारीक, आणि ते मान हलवून तसं करायचे. एकदा एका मोठ्या कॉलेजचे डॉक्टर शेडमध्ये आले होते. त्यांनी पीस उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "एवढं अचूक काम आम्ही कुठं पाहिलं नाही. तुम्हाला हे इतकं नेमकं कसं जमतं हो?"

सर्जेरावांनी कानस खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"बायको सांगते," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं. मी सांगायचे, ते ऐकायचे, आणि सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर मी घरात एकटी असायचे.